जुनी ‘ब्रिटिश ट्विन’ अशी वाजत नव्हती

रॉयल एनफिल्डची ६५० सुरू झाली की कट्ट्यावर कुणीतरी म्हणतोच, “अस्सल जुन्या ब्रिटिश ट्विनचा आवाज!” साफ चूक. (ट्विन म्हणजे दोन सिलिंडरांची गाडी.)

१९३७ सालची ट्रायम्फ स्पीड ट्विन, नंतरच्या बीएसए आणि नॉर्टनच्या जोडसिलिंडर गाड्या, साठच्या दशकातली रॉयल एनफिल्डची, इंग्लंडमधल्या रेडिचची मूळ इंटरसेप्टरसुद्धा, या सगळ्यांचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा, ३६० अंशांचा. दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात, एकदमच खाली येतात. स्फोट मात्र आळीपाळीने, दर फेरीला एक. म्हणून ठोके समान अंतराने पडतात. आजच्या ६५० चा क्रँक २७० अंशांचा. तिथे एक ठोका २७० अंशांनी, पुढचा ४५० अंशांनी. ही लंगडी लय ९० अंशांच्या व्ही-ट्विनची, म्हणजे दोन सिलिंडर इंग्रजी V सारखे बसवलेल्या इंजिनाची. ऐकायला झकास, पण जुनी नव्हे.

मग नुसत्या कानाने ट्रायम्फ की बीएसए हे सांगता येतं? ठोक्यांचा क्रम एकच असल्यावर उरतो मुख्यतः सायलेन्सर, आणि साठ वर्षं जुन्या गाडीवर तो मूळचाच असेल याची खात्री कोण देणार! व्हिन्सेंटची व्ही-ट्विन किंवा १९६८ची तीन सिलिंडरांची ट्रायडंट मात्र वेगळी ओळखू येते. तिथे इंजिनाची रचनाच निराळी आहे.