घरपोच डीएनए किट आणि वकिलातीची डीएनए चाचणी: गल्लत करू नका

खानापूर असो की निपाणी, एजंटचा सल्ला ठरलेला: "जन्मदाखला नाही? ऑनलाइन किट मागवा, रिपोर्ट फाइलला जोडा." पैसे पाण्यात! अमेरिकेतला मुलगा आईवडिलांना कायमचं तिकडे बोलावत असेल, तर त्या व्हिसाच्या फाइलमध्ये या रिपोर्टला किंमत नाही.

घरचं किट सगळ्यांना माहीत आहे: गालाच्या आतून स्वॅब फिरवायचा, कुरिअर करायचा. (वंशाचे टक्के सांगणारी किटं वेगळीच, ती इथे आणूच नका.) अमेरिकन वकिलातीच्या चाचणीतही स्वॅब गालातूनच फिरतो, शास्त्रही तेच. लोक फसतात ते इथेच.

खरा प्रश्न आहे, स्वॅब कुणाचा हे कोण सांगतं? घरच्या किटवर नाव तुम्हीच लिहिता. दोन नमुने बापलेकाचे आहेत हे प्रयोगशाळा छातीठोकपणे सांगेल, पण ते अर्जातल्याच दोघांचे कशावरून? वकिलातीच्या पद्धतीत आधी व्हिसा अधिकारी चाचणी सुचवतो. मग तिकडचा मुलगा एएबीबी या अमेरिकेतल्या संस्थेची मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडून पैसे भरतो. इकडच्यांचं किट प्रयोगशाळा परस्पर पाठवते, ओळख तपासून साक्षीदारासमोर नमुना घेतला जातो आणि निकालही परस्पर वकिलातीत जातो. किट घरच्यांच्या हाती पडतच नाही. खरेदीपत्र घरी कितीही सुबक लिहा, सब-रजिस्ट्रारसमोर फोटो-अंगठा झाल्याशिवाय जमीन नावावर होते का? आईबाप-अपत्य नात्याला ९९.५ टक्के संभाव्यता लागते. घरच्या रिपोर्टवर ९९.९९ असली तरी व्यर्थ.

आणि चाचणी ऐच्छिक असते. केली म्हणून व्हिसा मिळेलच, असंही नाही.

माझं डोकं फिरतं ते नावांच्या घोळासाठी डीएनए करायला निघालेल्यांमुळे. जुन्या दाखल्यावर बेळगाम, २०१४ नंतरच्या कागदावर बेळगावी. कानडी दाखल्यावरून इंग्रजीत उतरताना आडनावाचं स्पेलिंग भलतंच. हे स्वॅबनं कसं मिटणार? त्याला शाळा सोडल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र असले कागदच लागतात.

भावानं भावाला बोलावलं असेल, तर नुसत्या दोघांच्या चाचणीवर विसंबू नका. भावंडांचा डीएनए कमी-जास्त जुळतो, त्यामुळे निकाल धूसर येऊ शकतो. आई हयात असेल, तर दोघांचीही तिच्याशी चाचणी होऊ शकेल का, हे अधिकाऱ्याला आधी विचारा. सुचवल्याचं पत्र हाती येईपर्यंत मात्र एक रुपयाही खर्च करू नका.