बर्फ कुठंय आणि वारा कुठला? अलास्काच्या उत्तर टोकाच्या ऑगस्ट अंदाजाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या हवामान खात्याचा पुढच्या तीन महिन्यांचे नकाशे बघितलेत तर अलास्कावर बऱ्याचदा तांबूस आणि हिरवे पट्टे दिसतात, तांबूस म्हणजे नेहमीपेक्षा गरम राहण्याची शक्यता, हिरवा म्हणजे पाऊस जास्त. आपण लांबून बघणारे लोक तेवढ्यावरच चर्चा करतो. पण अगदी उत्तर किनाऱ्यावर, ७१ अक्षांशावरच्या उत्कियाग्विकमध्ये (२०१६ पर्यंत नाव होतं बॅरो) राहणाऱ्या माणसाला त्या रंगांनी फार काही कळत नाही, कारण ऑगस्टमध्ये तिथलं दुपारचं तापमान सात-आठ डिग्री असतं, ते नऊ झालं काय नि सहा झालं काय. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात, समुद्रातला बर्फ किती लांब गेलाय आणि वारा कुठल्या बाजूचा आहे. हे आजचं नाही, दीडशे वर्षं हेच चाललंय, फक्त मधल्या काळात प्रश्न उलटा झाला.

आधी तिथला ऑगस्ट म्हणजे काय ते सांगतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून न मावळलेला सूर्य २ ऑगस्टच्या आसपास पहिल्यांदा मावळतो. वर्षभरातला सगळ्यात जास्त पाऊस ह्याच महिन्यात, तोसुद्धा जेमतेम इंचभर, बाकी धुकं आणि रिपरिप. समुद्र मात्र अजून तापत असतो, बेरिंगच्या सामुद्रधुनीतून आलेलं कोमट पाणी वर सरकत असतं, त्यामुळे बर्फ सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मागे हटत राहतो. म्हणजे हवेचा उन्हाळा संपलेला आणि पाण्याचा उन्हाळा चालू, अशी अवस्था. वारा पूर्वेचा असला की बर्फ किनाऱ्यापासून लांब ढकलला जातो, पश्चिमेचा सुटला की परत येऊन किनाऱ्याला चिकटतो.

ह्याच एका वाऱ्यावर विसंबून १८७१ मध्ये व्हेल मारणारी अमेरिकन जहाजं तिथे गेली होती. व्हेलच्या तेलावर दिवे जळायचे, तोंडातल्या लवचिक पट्ट्यांची कॉर्सेट बनायची, धंदा जोरात होता. ऑगस्टमध्ये बर्फ आणि किनारा ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात चाळीसेक जहाजं आजच्या वेनराइट गावाच्या आसपास, म्हणजे बॅरोच्या नैऋत्येला, रांगेत उभी. तिथल्या इन्युपियात लोकांनी सांगितलं की ह्या वर्षी लक्षण बरं नाही, निघा. कप्तान म्हणाले दरवर्षी असंच होतं, पूर्वेचा वारा येईल, बर्फ जाईल. महिन्याच्या शेवटी वारा आला तो उलट्या बाजूचा, बर्फ आत आला, काही जहाजं चिरडली, बाकीची अडकली. सप्टेंबरच्या मध्याला ३३ जहाजं सोडून द्यावी लागली. १,२१९ माणसं, त्यात कप्तानांच्या बायका आणि लहान पोरंही, छोट्या होड्या वल्हवत दक्षिणेला मोकळ्या पाण्यात थांबलेल्या सात जहाजांपर्यंत गेली, आणि त्या सात जहाजांनी माणसांना जागा करायला वर्षभराची कमाई समुद्रात फेकली आणि सगळ्यांना होनोलुलूला नेलं. एकही माणूस दगावला नाही, हे मला अजून खरं वाटत नाही. दोन जहाजांचे अवशेष २०१५ मध्ये समुद्रतळावर सापडले.

दहा वर्षांनी, १८८१ मध्ये, पहिल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या (अनेक देशांनी मिळून ध्रुवाजवळच्या हवेच्या नोंदी घ्यायची मोहीम) निमित्ताने अमेरिकन लष्कराचा लेफ्टनंट रे बॅरोला वेधशाळा टाकून बसला आणि दोन वर्षं नोंदी केल्या. पण नोंदी असणं वेगळं आणि अंदाज असणं वेगळं. १८९७ मध्ये परत आठ जहाजं अडकली, तेव्हा त्या माणसांना खाऊ घालायला चारशेच्या आसपास रेनडिअर हाकत भर हिवाळ्यात शेकडो मैल चालवत न्यावे लागले.

मग व्हेलचा धंदा बसला आणि बरीच वर्षं बाहेरच्या जगाला ह्या किनाऱ्याच्या ऑगस्टशी देणंघेणं उरलं नाही. देणंघेणं परत आलं १९६८ मध्ये, ह्याच किनाऱ्यावर बॅरोच्या पूर्वेला प्रुडो बेला तेल सापडल्यावर. तिथे तेव्हा रस्ता नव्हता, अवजड सामान सगळं बार्जवरून (ओढत न्यायच्या सपाट मालवाहू नावा), आणि बार्जला जायला वर्षात तेवढी सहा-आठ आठवड्यांचीच फट. १९७५ मध्ये पाइपलाइनचं काम जोरात असताना ४७ बार्जचा ताफा निघाला आणि बॅरोच्या टोकाला बर्फ हलायलाच तयार नाही. आठवडेच्या आठवडे नुसते थांबून, काही कसेबसे पोचले, काहींना रिकाम्या हाताने म्हणजे खरं तर भरल्या हाताने परत फिरावं लागलं.

त्या फजितीनंतर नौदलाच्या हवामान विभागातल्या डोनाल्ड बार्नेटने १९७६ मध्ये एक निर्देशांक काढला, तो मला फार आवडतो कारण त्यात तापमान नाहीच. १० ऑगस्टला आणि १५ सप्टेंबरला बॅरोच्या टोकापासून बर्फाची कड किती लांब, प्रुडोचा मार्ग कधी उघडला, किती दिवस उघडा राहिला, अशा गोष्टींवर एकेक उन्हाळ्याला नंबर. १९५३ पासूनचे उन्हाळे लावले तर १९७५ तळाला. थोडक्यात दुकानदाराच्या भाषेतला अंदाज, माल पोचेल का नाही एवढंच सांग.

१९७८ च्या शेवटी उपग्रहाचे मायक्रोवेव्ह सेन्सर आले आणि ढग असो अंधार असो, बर्फ नियमित मोजता यायला लागला. १९८० च्या दशकात सप्टेंबरमध्ये आर्क्टिकभर साधारण ७० लाख चौरस किमी बर्फ उरायचा. २००७ मध्ये जुना विक्रम एकदम दहा लाखांहून जास्त फरकाने मोडला, सगळे चक्रावले, आणि २००८ पासून शास्त्रज्ञांनी दर जून-जुलै-ऑगस्टला आपापले अंदाज एकत्र मांडायला सुरुवात केली. त्याचा हिशोब मजेशीर आहे. २०१२ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला सायबेरियावरून एक प्रचंड वादळ आर्क्टिकमध्ये घुसलं, आधीच पातळ झालेला बर्फ त्याने घुसळून टाकला, आणि सप्टेंबरचा आकडा ३४ लाखांवर आला, म्हणजे जवळपास भारताएवढा बर्फ उरला. बहुतेकांचे अंदाज ह्याच्या बरेच वर होते. पुढच्या वर्षी सगळे शहाणे होऊन कमी आकडे सांगून बसले तर २०१३ चा उन्हाळा थंड निघाला आणि बर्फ अंदाजापेक्षा दहा लाखांहून जास्त. दोन्ही वेळा घात केला तो उन्हाळ्यातल्या हवेनेच, बर्फ किती उरणार हे शेवटी वाऱ्यावर आणि ढगांवर ठरतं, आणि ते दोन महिने आधी कोणाला नीट सांगता येत नाही.

इथे गोव्याचा धागा आहे. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं हिमाद्री हे स्टेशन २००८ पासून नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटांवर आहे, आणि ह्या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं की रशियाच्या वरच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ कमी होणं आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये धो धो पाऊस पडणं ह्यांचा संबंध असू शकतो. ''असू शकतो'' हे त्यांचेच शब्द धरा, लगेच फॉरवर्ड करू नका. आणि तो कारा समुद्र अलास्कापासून पार पलीकडे आहे, त्यामुळे उत्कियाग्विकचा बर्फ गेला म्हणून आपल्याकडे पूर आला असं काही नाही.

आता तो उलटा झालेला प्रश्न. बार्जवाल्यांना बर्फ जायला हवा होता, तो आता जातो, शेकडो किमी लांब जातो. पण वाऱ्याला धावायला जितकं उघडं पाणी तितकी लाट मोठी, आणि पूर्वी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वादळांना बर्फ अडवायचा, आता अडवायला काही नाही. किनारा आतून गोठलेल्या मातीचा, लाट लागली की वितळून ढासळतो. बॅरोच्या टोकावरच्या नुवुक नावाच्या जुन्या वस्तीतली कितीतरी थडगी अशी समुद्राने उघडी पाडलीयत. म्हणून आता तिथल्या उन्हाळा-अखेरच्या अंदाजात कड किती लांब गेली ह्याच्या खालीच लाटांची उंची आणि किनाऱ्याच्या पुराचा इशारा असतो, आणि पश्चिमेचा जोरदार वारा येतोय असं दिसलं की बुलडोझर किनाऱ्यावर खडीचा बांध लोटायला लागतात.