काऊचं घर तारेचं

पावसाळ्याआधीची झाडछाटणी चालू होती. कळव्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या झाडावरून कावळ्याचं मागच्या वर्षीचं रिकामं घरटं खाली आलं. हातात घेतलं तर चांगलं जड. काटक्यांपेक्षा त्यात तारच जास्त होती: बांधकामावर सळया बांधायला वापरतात ती, केबलचे तुकडे, कपड्यांचा एक अख्खा हँगर. आतल्या वाटीत काथ्या आणि केस. ‘काऊचं घर शेणाचं’ ऐकत मी मोठा झालो. त्यातली एक तार सोडवायचा मी बराच वेळ प्रयत्न केला. सुटली नाही.

माणूस संपला तर पृथ्वीवर पुढचा शहाणा प्राणी कोण, असं मुलं हमखास विचारतात. मी त्यांना आधी कळव्याजवळचा पारसिकचा डोंगर दाखवतो. १९१६ पासून त्याच्या पोटातल्या बोगद्यातून रेल्वे धावते आहे. हा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, आणि रुळांखालची खडी याच जातीच्या दगडाची. एखादा खडा नीट पाहिला तर त्यात बारीक भोकं दिसतात, काहींमध्ये पांढरे स्फटिक भरलेले. लाव्हातून बाहेर पडू पाहणाऱ्या वायूचे ते बुडबुडे.

हा लाव्हा ओकणारे दख्खनचे ज्वालामुखींचे उद्रेक लाखो वर्षं चालले आणि कार्बन डायऑक्साइड व गंधकाचे वायू हवेत मिसळत राहिले. याच काळात, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, मेक्सिकोतल्या आजच्या युकातान भागात साधारण १० किलोमीटर रुंदीचा अशनी आदळला. धूळ आणि काजळीने सूर्य झाकोळला. सजीवांच्या सुमारे तीन चतुर्थांश जाती नष्ट झाल्या. दोष लाव्हाचा किती यावर वाद आहे. बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य घाव अशनीचा मानतात. म्हणजे प्रलयानंतरच्या जगात आपण आजच राहतो आहोत. वाचलेल्यांत काही लहानखुरे सस्तन प्राणी होते, त्यांच्या वंशात आपण आलो. आणि काही चोचवाले डायनासोरही, म्हणजे पक्षी, वाचले, त्यांच्या वंशात कावळा आला.

या दोन वंशांचा समाईक पूर्वज ३० कोटी वर्षांहून जुना आहे. तरीही दोन्हीकडे बुद्धी आली, आणि आपापल्या वाटेने आली. मला याचं नवल वाटायचं थांबत नाही. पक्ष्यांच्या मेंदूवर आपल्यासारखं थराथरांचं आवरण नसतं, म्हणून त्यांना विचार करता येत नाही असं फार काळ समजलं जाई. २०१६ साली पक्ष्यांच्या मेंदूतल्या चेतापेशी (न्यूरॉन) मोजल्या गेल्या तेव्हा उलगडा झाला. रेव्हन या मोठ्या कावळ्याचा मेंदू जेमतेम १४ ग्रॅमचा, पण त्याच्या पुढच्या भागात तब्बल १२० कोटी चेतापेशी, कितीतरी मोठ्या मेंदूच्या काही माकडांइतक्या! पेशी लहान आणि दाटीने बसवलेल्या.

तारेवरून आठवली बेटी. ऑक्सफर्डमधली ही न्यू कॅलेडोनियन कावळी. २००२ मध्ये तिच्यासमोर एका उभ्या नळीत खाऊची छोटी बादली ठेवली होती. तिने सरळ तार वाकवून आकडा केला आणि बादली वर ओढून घेतली. तिचे जातभाई रानातही काटक्या वाकवतात, हे पुढे दिसून आलं. पण तेवढ्याने तिची करामत मला कमी वाटत नाही.

पण एकाच्या हुशारीने भागत नाही. ऑक्टोपसला सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात, बंद बरणी उघडण्याइतकी अक्कल असते. आयुष्य मात्र बहुतेक जातींत वर्ष-दोन वर्षांचं, आणि अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात त्या सुमारास आई मरते. जे शिकली ते तिच्याबरोबरच जातं. कावळ्यांचं तसं नाही. अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये २००६ पासून पक्षिअभ्यासक जॉन मार्झलफ यांच्या गटाने एक विशिष्ट मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडून दिले. नंतर तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करत; ज्यांना कधीच पकडलं नव्हतं, ती नंतर जन्मलेली पिल्लंसुद्धा! शिकलेलं पुढच्या पिढीला देता येणं, माझ्या मते पारडं इथेच फिरतं.

तरी आपल्या गावकावळ्यावर मी पैज लावणार नाही. मानेवर राखाडी रंग असलेला हा पक्षी माणसाच्या वस्तीशिवाय जवळपास कुठेच राहत नाही. आपण गेलो तर त्याचेही हाल होतील. डोमकावळ्याचं वेगळं: तो ठाण्याजवळच्या येऊरच्या रानात जगतो आणि मासळीबाजारातही. अर्थात उत्क्रांतीला बुद्धीकडे पोचायची घाई नसते. डायनासोरांनी १६ कोटींहून अधिक वर्षं जमीन गाजवली, पण त्यांनी कधी चूल पेटवल्याची खूण सापडत नाही.

घरटं मी गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. दोनच दिवसांत एक कावळा आला. मान तिरकी करून त्याने घरट्याला एक फेरी मारली, हँगरखालचं तारेचं टोक चोचीत धरलं आणि मी ज्या बाजूने ओढत होतो त्याच्या उलट बाजूने फिरवलं. तिसऱ्या हिसक्याला तार सुटली. ती तोंडात आडवी धरून तो मोबाइल टॉवरच्या दिशेने उडाला.