चार्ल्स्टनला जाण्याआधी: भात, बंदर आणि त्या रंगीत घरांची पार्श्वभूमी

शार्लट, रॉली, अटलांटा भागातली मराठी मंडळी लाँग वीकेंड आला की साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनचा बेत हमखास करतात आणि परत आल्यावर फोटोही साधारण तेच असतात, रेनबो रोची रंगीत घरं, बॅटरी नावाच्या पाण्याकाठच्या भागातल्या तोफा, घोडागाडी, ओकच्या फांद्यांवरून लोंबणारं स्पॅनिश मॉस. सुंदर आहेच ते, अमेरिकेत इतकं जुनं आणि पायी फिरता येईल असं शहर फार कमी ठिकाणी मिळतं. पण मला मनापासून वाटतं की मागचा इतिहास माहीत नसताना हे शहर बघितलं तर ते अर्धंच बघून होतं, कारण तिथला जवळपास प्रत्येक जुना वाडा भाताच्या पैशावर उभा राहिलाय, आणि ते भात पिकवणाऱ्या माणसांची नावं त्या वाड्यांच्या पाट्यांवर बहुतेक वेळा नसतात.

सुरुवात 1670 ची. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने आठ सरदारांना कॅरोलायनाचा मुलूख देऊन टाकला आणि त्याच्याच नावाने चार्ल्स टाउन वसलं, आधी अ‍ॅशली नदीच्या पश्चिम काठावर, मग 1680 मध्ये आत्ताच्या जागी, म्हणजे अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीच्या जिभेवर. आता इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे, सुरुवातीच्या वसाहतवाल्यांतले बरेच जण थेट इंग्लंडहून आले नव्हते, ते आले बार्बाडोसवरून, जिथे उसाचे मळे आणि गुलामगिरी आधीच पक्की बसलेली होती. त्यामुळे मळा कसा चालवायचा, माणसं विकत कशी घ्यायची, त्यांना दाबात ठेवायचे कायदे कसे करायचे हे सगळं ते सोबत घेऊनच आले. प्रश्न एवढाच होता की इथे पिकवायचं काय.

उत्तर निघालं भात. 1700 च्या आसपास भाताची लागवड जोरात सुरू झाली आणि पुढची दीडशे वर्षं तांदळाने, नंतरच्या काळात खास ‘कॅरोलायना गोल्ड’ जातीच्या, या शहराला श्रीमंत केलं. पण इंग्रजाला भातशेतीतलं काय कळत होतं? ज्यांना कळत होतं ती माणसं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची, सेनेगांबिया, सिएरा लिओन या पट्ट्यातली, जिथे शेकडो वर्षं खाऱ्या दलदलीत बांध घालून भात घेतलं जायचं. कोकणात आणि गोव्यात ज्यांनी खाजण शेती बघितलीय, भरती-ओहोटीच्या हिशोबाने उघडझाप होणारी मानस म्हणजे पाण्याची दारं बघितलीयत, त्यांना ही पद्धत पटकन कळेल. कॅरोलायनात फरक इतकाच की भरती आली की नदीचं गोडं पाणी वर चढतं, ते दारं उघडून खाचरात घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. त्यासाठी मैलोन्‌मैल बांध घातले गेले, सायप्रसची जंगलं तोडून दलदल साफ केली गेली, कमरेएवढ्या चिखलात, साप-मगरींत आणि डासांत, फावडं-कुदळ घेऊन, सगळं हाताने. कापणी झाली की उखळात मुसळाने कांडायचं, पाखडायचं. हे काम करता करता माणसं मरायची आणि मेली की मालक बंदरावर जाऊन नवी विकत घ्यायचा. 1708 पर्यंतच या वसाहतीत गोऱ्यांपेक्षा काळ्यांची संख्या जास्त झाली होती, आणि 1860 च्या जनगणनेतसुद्धा राज्यातले निम्म्याहून जास्त लोक गुलाम होते.

सिटी मार्केटमध्ये बायका स्वीटग्रासच्या टोपल्या विणत बसलेल्या दिसतात, किंमत बघून अनेक जण पुढे सरकतात. त्या टोपल्यांचा उगम याच भातात आहे. तांदूळ पाखडायच्या मोठ्या पसरट टोपल्या आफ्रिकेतल्या पद्धतीने मळ्यावर विणल्या जायच्या, ती कला आईकडून मुलीकडे येत आजपर्यंत टिकली. गला-गीची म्हणतात त्या, या गुलामांच्या वंशजांच्या समाजाची ही कला, किनाऱ्यावरच्या बेटांवर एकमेकांत राहिल्यामुळे त्यांची स्वतःची भाषा, जेवण, गाणी तयार झाली आणि टिकली. टोपली घ्यायची असेल तर घासाघीस करू नका एवढंच सांगेन, एकेका टोपलीला कित्येक दिवस लागतात.

आणि शहरात एवढे वाडे का, मळ्यांवर का नाहीत, तर त्याचंही कारण भात. साचलेलं पाणी म्हणजे मलेरिया. मे महिना लागला की मळेवाले कुटुंबकबिल्यासह शहरात यायचे ते पहिली थंडी पडेपर्यंत, समुद्राचा वारा खायला, आणि मळ्यावर राहायचे ते गुलाम. चार्ल्स्टनचं खास घर ज्याला सिंगल हाउस म्हणतात ते बघा, रस्त्याकडे घराची अरुंद बाजू, एक खोली रुंद, आणि बाजूने लांबच लांब व्हरांडा, वारा खेळावा म्हणून. 1770 च्या सुमारास फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बॉस्टन यांच्यानंतर चौथं मोठं शहर हेच होतं. नाटकगृह, 1773 चं म्युझियम, सेंट मायकलचं चर्च, सगळा थाट त्याच पैशाचा.

माणसांचा बाजार कुठे भरायचा? ओल्ड एक्स्चेंज नावाची जी देखणी इमारत आहे, 1771 ला पूर्ण झालेली, तिच्या बाहेरच उघड्यावर लिलाव व्हायचे. पुढे 1856 मध्ये शहराने उघड्यावरच्या विक्रीला बंदी घातली, मग लिलाव आतल्या आवारांत गेले, चामर्स स्ट्रीटवरचं ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम ही त्यातलीच एक जागा, लहान आहे पण चुकवू नका. त्याआधीची गोष्ट गॅड्सडन्स व्हार्फची. आफ्रिकेतून माणसं आणायला 1 जानेवारी 1808 पासून बंदी येणार हे आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे शेवटच्या चार-पाच वर्षांत व्यापाऱ्यांनी अक्षरशः घाई केली, अंदाजे 40 हजार माणसं या काळात साउथ कॅरोलायनात उतरवली गेली, आणि 1806 पासून ती सगळी याच धक्क्यावर. भाव वाढावा म्हणून माणसांना गोदामात कोंडून ठेवलं जायचं आणि थंडीने, रोगाने ती तिथेच मरायची. हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्याच जागेवर आज म्युझियम आहे म्हणून सांगतेय, त्याबद्दल पुढे.

स्वातंत्र्ययुद्धाबद्दल थोडक्यात, 28 जून 1776 ला सलिव्हन्स आयलंडवरच्या अर्धवट किल्ल्याने ब्रिटिश आरमाराला परतवलं, पामेटो या ताडासारख्या झाडाच्या मऊ ओंडक्यांत तोफगोळे रुतून बसले म्हणून राज्याच्या झेंड्यावर ते झाड आहे. 1780 मध्ये मात्र शहर पडलं आणि 1782 च्या डिसेंबरपर्यंत ब्रिटिशांकडे राहिलं. 1783 मध्ये नाव चार्ल्स्टन झालं. स्वातंत्र्य कोणाला मिळालं हे सांगायला नको.

1822 ची गोष्ट मात्र थांबून वाचण्यासारखी आहे. डेन्मार्क व्हेसी हा सुतार, 1799 मध्ये लॉटरीत 1500 डॉलर जिंकला आणि त्यातले 600 देऊन स्वतःला विकत घेतलं, पण बायको आणि मुलं गुलामच राहिली. शहरातल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये तो शिकवायचा, आणि तिथून उठावाची आखणी केल्याचा आरोप त्याच्यावर आला. बातमी फुटली, 35 जणांना फाशी दिलं, चर्च पाडून टाकलं. त्या दहशतीतून शहरात शस्त्रागार आणि पहारा वाढला, आणि त्याच जागी 1842 मध्ये सिटाडेल ही लष्करी शाळा सुरू झाली, जी आज शहराची मोठी संस्था म्हणून मिरवते. पाडलेलं चर्च यादवी युद्धानंतर पुन्हा उभं राहिलं, तेच मदर इमॅन्युएल, आत्ताची इमारत 1891 ची.

20 डिसेंबर 1860, याच शहरात साउथ कॅरोलायनाने अमेरिकेतून फुटून निघायचा ठराव केला, पहिलं राज्य. आणि 12 एप्रिल 1861 ला पहाटे साडेचारला बंदराच्या तोंडावरच्या, अजून उत्तरेच्या सैन्याकडे असलेल्या फोर्ट सम्टरवर दक्षिणेच्या तोफा सुटल्या आणि यादवी युद्ध सुरू झालं. लोक बॅटरीवर आणि घरांच्या गच्च्यांवर उभे राहून बघत होते. जवळजवळ 34 तासांच्या माऱ्यात लढून एकही सैनिक मेला नाही, मेला तो किल्ला सोडताना सलामीची तोफ फुटली तेव्हा. पुढच्या चार वर्षांत सहा लाखांहून जास्त माणसं गेली.

या पहाटेचा आपल्याशी थेट संबंध आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. सम्टर पडल्यावर आठवड्याभरात लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, मग इंग्रज व्यापाऱ्यांनी मोर्चा वळवला हिंदुस्तानी कापसाकडे आणि खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून सोन्याच्या भावाने जायला लागला. कापसाचा मोठा व्यापारी प्रेमचंद रायचंद, मुंबईत समुद्र बुजवायच्या बॅकबे रेक्लमेशनचे शेअर, रोज उगवणाऱ्या नवीन बँका, ते सगळं त्या चार वर्षांतलं. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्यात गेली. राजाबाई टॉवर त्याच प्रेमचंदच्या देणगीतून उभा राहिलाय. आणि दुसरा धागा जोतीराव फुल्यांचा, 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ छापली तेव्हा ती त्यांनी अर्पण केली गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्या माणसाने हे युद्ध कशासाठी झालं ते नेमकं ओळखलं होतं. चार्ल्स्टनमध्ये उभं राहिलं की मला तरी ही अर्पणपत्रिका आठवल्याशिवाय राहत नाही.

सम्टरच्या बोटीवर बसाल तेव्हा रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट मुलांना जरूर सांगा. 23 वर्षांचा गुलाम, ‘प्लँटर’ नावाच्या बोटीचं सुकाणू धरायचा. 13 मे 1862 च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपलेले असताना त्याने बोट सोडली, वाटेत बायको-मुलांना आणि बाकीच्यांना घेतलं, कप्तानाची गवती हॅट डोक्यावर घातली, फोर्ट सम्टरसमोरून जाताना बरोबर ठरलेली शिट्टी दिली आणि बोट उत्तरेच्या आरमाराच्या ताब्यात नेऊन दिली. पुढे हाच माणूस काँग्रेसमध्ये निवडून गेला. घोडागाडीवाल्यांच्या भुताखेतांच्या गोष्टींपेक्षा ही कितीतरी मोठी आहे.

18 फेब्रुवारी 1865 ला शहर उत्तरेच्या सैन्याच्या हाती पडलं. 1 मेला तिथल्या नुकत्याच मुक्त झालेल्या लोकांनी काय केलं माहितीये? रेसकोर्सवर दक्षिणेने पकडलेल्या उत्तरेच्या सैनिकांची कैदछावणी होती, तिथे मेलेले 257 कैदी सामुदायिक खड्ड्यात पुरलेले होते, त्यांना नीट दफन केलं, भोवती कुंपण घातलं, आणि मग सुमारे 10 हजार लोकांनी फुलं घेऊन, गाणी म्हणत संचलन केलं. मेमोरियल डे, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस, त्याच्या सगळ्यात आधीच्या सोहळ्यांपैकी हा एक. ती जागा आता हॅम्प्टन पार्क आहे, दक्षिणेच्या एका सेनापतीच्या नावाने. 2014 मध्ये तिथे व्हेसीचा पुतळा बसला हे बरं झालं.

मग हे शहर इतकं जुनं राहिलं कसं? गरिबीमुळे. गुलामगिरी गेली, भातशेती मोडत गेली, वादळांनी उरलीसुरली संपवली, आणि 31 ऑगस्ट 1886 ला रात्री मोठा भूकंप झाला. आजही भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतात, आतून आरपार सळ्या घालून भिंती आवळल्यात त्या. नवीन बांधायला पैसा नव्हता म्हणून जुनं तसंच राहिलं. 1920 मध्ये सुझन प्रिंगल फ्रॉस्ट आणि इतरांनी जुन्या घरांसाठी संस्था काढली, आणि 1931 मध्ये शहराने ऐतिहासिक भागासाठी कायदा केला, अमेरिकेतला असा पहिला. रेनबो रोचे रंगसुद्धा त्याच सालापासूनचे, डोरोथी लेग यांनी तिथलं पडकं घर घेऊन गुलाबी रंगवलं आणि शेजारच्यांनी हळूहळू तसंच केलं. ती घरं 18 व्या शतकातल्या व्यापाऱ्यांची, खाली दुकान वर बिऱ्हाड, आणि मधल्या काळात तिथे गरीब काळी कुटुंबं भाड्याने राहायची. घरं वाचली पण ही कुटुंबं बाहेर गेली. 1980 च्या सुमारास शहरात काळ्यांची संख्या निम्म्याच्या जवळ होती, आता कितीतरी कमी आहे, आणि जतनाच्या कौतुकात हे झाकलं जातं याचं मला वाईट वाटतं.

17 जून 2015 ला मदर इमॅन्युएलमध्ये बायबल वाचायला बसलेल्या नऊ जणांना एका वर्णद्वेषी गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. त्यानंतर राज्याच्या विधानभवनासमोरचा कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेचा झेंडा उतरला, 2018 मध्ये शहराने गुलामगिरीबद्दल माफी मागितली, आणि 2020 मध्ये मॅरियन स्क्वेअरमधला कॅलहूनचा पुतळा काढला, गुलामगिरी ही चांगलीच गोष्ट आहे असं सांगणारा हा नेता. चर्च ज्या रस्त्यावर आहे त्याला मात्र अजून त्याचंच नाव आहे. जून 2023 मध्ये गॅड्सडन्स व्हार्फच्या जागेवर इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम उघडलं, इमारत जमिनीपासून 13 फूट वर खांबांवर, त्या जमिनीचा मान ठेवून. आत कुटुंबाचा वंश शोधायला मदत करणारा विभाग आहे, तिथे आपली खापरपणजी शोधत बसलेली माणसं दिसतात.

जाणार असाल तर माझं सांगणं असं, पहिल्या सकाळी हे म्युझियम घ्या, तिकीट आधी काढून, सम्टरची बोट तिथून जवळच सुटते. दुपारी स्लेव्ह मार्ट आणि मग रेनबो रो, बॅटरी. दुसऱ्या दिवशी मळा बघायचाच असेल तर मॅक्लाउड घ्या, कापसाचा मळा होता तो, पण गुलामांच्या खोपट्या तिथे उभ्या आहेत आणि गाइड त्यांच्याबद्दलच बोलतात. आणि भरतीचं वेळापत्रक बघून निघा, शहराचा बराच भाग खाड्या बुजवून झालेला आहे, मोठ्या भरतीला मार्केटच्या आसपास रस्त्यावर पाणी येतं आणि गाडी अडकते.