चार दाते जास्त

नकाशावर मराठवाडा सपाट दिसतो. सायकलवर बसलं की तसा राहत नाही. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत मजेत आलेला माणूस पुढे खुलताबादच्या घाटात सायकलवरून उतरतो आणि ती ढकलू लागतो. बीडहून धाराशिवकडे निघालात तर मांजरसुंब्याचा घाट आहे, सोलापूरकडून तुळजापूरला येताना बालाघाटाची कड चढावी लागते. पण एवढ्या लांब जायचीही गरज नाही. ओढ्याच्या पुलावरून शाळेकडे वर येणारा दोनशे मीटरचा चढसुद्धा दम काढायला पुरेसा असतो.

त्यात घरात सायकल एकच. सकाळी ती पोरगी शाळेत नेते, दुपारी आजोबा बाजाराला, संध्याकाळी बाप शेतावर. तीन वजनं, तीन उंच्या आणि गिअर एकच. आपण तिला ‘बिनगिअरची’ म्हणतो, पण गिअर तिलाही असतो. फक्त तो कारखान्यात ठरलेला असतो आणि ठरवताना नववीतली मुलगी कुणाच्या डोळ्यांपुढे नसावी.

आपली नेहमीची काळी, 28 इंची सायकल घ्या. पायडलपाशी साधारण 44 दात्यांचं चक्र, मागे 18 दात्यांचं फ्रीव्हील. 44 भागिले 18 म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. क्रँकची, म्हणजे पायडलच्या दांड्याची, लांबी 17 सेंटिमीटर धरली तर तेवढ्याच वेळात पाऊल गोलाकार फक्त 1.07 मीटर चालतं. पाऊल एक मीटर, सायकल पाच मीटर. अंतरात पाचपट फायदा झाला की जोरात पाचपट किंमत मोजावी लागते, यातून कुणाची सुटका नाही.

ही किंमत आकड्यात मांडून बघू. मुलीचं वजन 40 किलो, सायकलचं 20, दप्तराचं 5. चढ 5 टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरला पाच मीटर उंची. टायरच्या घर्षणाचा साधारण एक टक्का त्यात मिळवा. सायकलला मागे ओढणारा जोर झाला 65 किलोचे सहा टक्के, जवळपास 4 किलो वजनाइतका. त्याचे पाचपट 20 किलो, आणि हीसुद्धा सरासरी. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना कितीही दाबा, चाक हलत नाही. ती तूट मधल्या टप्प्यात भरून काढावी लागते आणि तिथे दाब सरासरीच्या दीडपट होतो. मुलीला दर पावलाला 30 किलोंचा भार द्यावा लागतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तीन चतुर्थांश. सीटवर बसून ते होत नाही, म्हणून ती उभी राहते.

आता मागे 35 किलोची धाकटी बहीण बसवा. डबलसीट. एकूण वजन 100, मागे ओढणारा जोर 6 किलो, सरासरी दाब 30 आणि मधल्या टप्प्यात 45. चालवणारीचं वजन 40. पायडलवर पूर्ण उभी राहिली तरी पाच किलो कमीच पडतात. मग हँडल हातांनी वर ओढून ते पाच किलो काढायचे, नाहीतर बहिणीला उतरवायचं. चढावर डबलसीट का थांबते, याचं उत्तर ‘ताकद नाही’ असं दिलं जातं. खरं उत्तर मागच्या दात्यांच्या संख्येत आहे.

18 च्या जागी 22 दात्यांचं फ्रीव्हील टाकलं की एका फेऱ्यात सायकल साडेपाचऐवजी साडेचार मीटर जाते. 45 किलोंचा दाब 37 वर येतो, म्हणजे तिच्या वजनाच्या आत. एकटी असेल तर 30 चे 25 होतात आणि दुसऱ्या गिअरची गरजच पडत नाही.

काम मात्र कमी होत नाही. शाळा जेवढ्या उंचीवर आहे तेवढी उंची चढावीच लागते. एक पोतं एकदम खांद्यावर घेण्याऐवजी पायलीपायलीने माळवदावर चढवण्यासारखं आहे हे. फरक पडतो तो स्नायूंना. स्नायू जोरात आवळला की त्याच्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि तेवढा वेळ रक्त पोहोचत नाही. शिवाय मोठ्या जोरासाठी शरीर लवकर दमणारे स्नायुतंतू कामाला लावतं. हलक्या, भरभर फेऱ्यांत दमदार तंतूंवर भागतं. गुडघ्याच्या वाटीवरचा दाबही तसाच कमी होतो. आजोबांच्या गुडघ्याला डॉक्टरांची चिठ्ठी मिळण्याआधी एकदा फ्रीव्हील बदलून बघायला हरकत नाही, असं माझं मत आहे.

चेनमध्ये किती जोर वाया जातो, अशीही शंका निघते. 1999 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते मोजलं गेलं. चेन-चक्राची जोडी 98.6 टक्क्यांपर्यंत जोर पुढे पोहोचवते आणि मोठ्या चक्रांवर तोटा कमी होतो, असं दिसलं. म्हणजे 22 दात्यांचं फ्रीव्हील त्या बाजूनेही फायद्याचंच. उलट आपला स्नायू खाल्ल्या भाकरीतली फार तर चौथाई ऊर्जा पायडलपर्यंत आणतो. गळती तिथे आहे.

गिअरकडे कमीपणाने बघण्याची खोड जुनी आहे. चेन येण्याआधी पायडल थेट पुढच्या चाकालाच असायचं, त्यामुळे वेग हवा तर चाक मोठं, आणि चाकाची मर्यादा म्हणजे स्वाराच्या पायाची लांबी. आपल्या काळ्या सायकलचा गिअर त्या हिशेबात 68 इंच भरतो, म्हणजे पावणेसहा फूट व्यासाचं चाक! 1880 मध्ये हान्स रेनॉल्डने मँचेस्टरला रोलर चेन आणली, 1885 मध्ये जॉन केंप स्टार्लीची रोव्हर सायकल आली आणि चाकं माणसाच्या आवाक्यात आली. तरी ‘टूर द फ्रान्स’ सुरू करणारे आँरी देग्रांज यांचं मत असं, की बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी. त्या शर्यतीत चेन बदलणाऱ्या गिअरला परवानगी मिळायला 1937 साल उजाडलं. आजही गावात गिअरची सायकल चालवणाऱ्या पोराला ‘जमत नाही म्हणून गिअर’ असं चिडवतात, त्यात नवं काही नाही.

मग 21 गिअरची सायकलच का घेऊ नये? घ्या, पण 21 या आकड्यावर जाऊ नका. पुढे 28, 38, 48 आणि मागे 14 ते 28 अशी मांडणी असेल, तर 28-14 आणि 48-24 हे दोन्ही नेमके एकच गिअर. असे जुळे आणि जवळपास जुळे वगळले की संख्या बरीच खाली येते, शिवाय चेन तिरकी पडते म्हणून काही जोड्या वापरायच्याच नसतात. दुकानात एकच गोष्ट विचारायची: पुढचं सगळ्यात लहान आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र किती दात्यांचं? दोन्ही 28 असतील तर एका फेऱ्याला एक फेरा, आणि घाटात तेच लागतं. संभाजीनगरच्या हौशी सायकलवाल्यांच्या रोड बाइकला पुढे 34, मागे 28 असेल तर मागे 34 चं कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बसतं का ते मेकॅनिकला विचारावं. मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, तेवढं मोठं चक्र झेपायला हवं.

घरच्या सायकलला मात्र एवढा व्याप नको. एकाच चक्राच्या फ्रीव्हीलच्या आट्या बहुतेक सारख्याच असतात, त्यामुळे 18 काढून 22 त्याच हबवर बसतं. काढायलाच काय तो घाम फुटतो, कारण वर्षानुवर्षं प्रत्येक पायडलने ते आणखी घट्ट केलेलं असतं. चार दाते वाढले की चेन अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या दोन कड्यांनी कमी पडते. मागचं चाक खाचेत अर्धा इंच पुढे सरकवता आलं तर जुनीच चेन पुरते, नाहीतर एक जोड घालावा लागतो. चेन जुनी असेल तर आधी पट्टी लावा: एक पिन शून्य धरून तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. सूतभर, म्हणजे एक अष्टमांश इंच, पुढे गेली असेल तर ती चेन नव्या दात्यांवर उड्या मारणार. मिस्तरी बजावतीलच, “सपाटीला पाय नुसते गरगर फिरतेल.” खरं आहे. मिनिटाला साठ फेरे धरले तर ताशी साडेएकोणीस किलोमीटरचा वेग सोळावर येतो. पण शाळेला नि बाजाराला दहा-बारापेक्षा जास्त वेगाने जातं कोण? आणि जून-जुलैत पश्चिमेचा वारा तोंडावर आला की सपाटीलाही हाच गिअर गोड लागतो.

तिघांच्या सायकलला आणखी एक गोष्ट लागते, सीटची उंची. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर टेकवली तर गुडघा सरळ व्हावा. चालवताना चवडा ठेवला की तो आपोआप थोडा वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघा जास्त वाकून जोर घ्यावा लागतो आणि वरची सगळी आकडेमोड पाण्यात जाते. सीटच्या नळीवर नेलपॉलिशच्या तीन रेघा काढायच्या, प्रत्येकाची आपली रेघ. दोन रुपयांचाही खर्च नाही, फक्त पाना दप्तरात हवा.

उतारावर फ्रीव्हील काहीच कामाचं नाही. डबलसीट उतरताना 100 किलोंची सगळी ऊर्जा ब्रेकच्या रबरांनी आणि रिमने जिरवायची असते, आणि लोखंडी रिम ओली असली की रबराची पकड फार कमी होते. पावसाळ्यात पूल ओलांडून पलीकडच्या उताराला लागण्याआधीच ब्रेक हलके दाबत रिम पुसून घ्यायची, आणि मागच्या बहिणीला पाय आऱ्यांपासून लांब ठेवायला सांगायचं.