बडोद्यातील संशोधनपरंपरा

बडोदे संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजलेली आणि १९४९ नंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठात वाढलेली विद्याशाखीय संशोधनाची परंपरा. संस्कृत ग्रंथसंपादन, रसायन, समाजशास्त्र, पुरातत्त्व, बालविकास अशा एरवी एकमेकींकडे न फिरकणाऱ्या शाखा तीत येतात. त्यांना जोडणारी एक सवय मात्र स्पष्ट दिसते : साधन पोथी असो, जुन्या वस्तीचे पांढरीचे टेकाड असो की तान्हे मूल, ते आधी नीट पाहायचे, नोंदायचे, ताडायचे आणि निष्कर्षाची घाई करायची नाही.

आरंभ पोथ्यांपासून झाला. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत संस्थानाने हस्तलिखिते जमवायला जाणकार माणसे फिरतीवर पाठवली. चिमणलाल दलाल यांनी पाटणची जैन ग्रंथभांडारे तपासली. त्यांनी अनंतकृष्ण शास्त्रींसह संपादित केलेली राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ (संस्कृत काव्यशास्त्रावरचा ग्रंथ) १९१६ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून निघाली. पोथीसंग्रहाला पुढे १९२७ साली प्राच्यविद्या मंदिराचे रूप मिळाले.

या मालेतला मराठी वाचकाला सर्वांत जवळचा ग्रंथ म्हणजे ‘मानसोल्लास’. चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या या बाराव्या शतकातील ग्रंथात राजनीतीबरोबर हत्ती, औषधे, पाककृती, वस्त्रे, खेळ, गाणे असे सारे आहे. ग. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेला त्याचा पहिला भाग १९२५ साली आला, तिसरा १९६१ साली. महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद याच ग्रंथात आहे. ओवीचा इतिहास सांगताना अभ्यासक जो आधार हमखास देतात, तो बडोद्याच्या या छापील आवृत्तीमुळे सर्वांच्या हाती आला.

प्राच्यविद्या मंदिराचे सर्वांत मोठे काम म्हणजे वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक पोथ्या ताडून पाठ ठरवणारी आवृत्ती. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताचे काम चालू असतानाच, १९५१ च्या सुमारास, बडोद्यात हे हाती घेतले गेले. गोविंदलाल भट्ट यांचे बालकांड १९६० साली आणि उमाकांत शाह यांचे उत्तरकांड १९७५ साली प्रसिद्ध झाले. अयोध्या व युद्ध ही दोन कांडे प. ल. वैद्य यांनी संपादित केली. रामायणाचा पाठ सगळीकडे एकसारखा नाही. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली लिप्यांतल्या उत्तरेकडील पोथ्या आणि तेलुगू, ग्रंथ, मलयाळम लिप्यांतल्या दक्षिणेकडील पोथ्या ओळीओळीला वेगळ्या होतात. म्हणून प्रत्येक श्लोक पोथीगणिक लावून पाहावा लागतो. पुरेशा आधाराअभावी जो भाग मूळ संहितेत बसत नाही तो तळटीपेत किंवा परिशिष्टात जातो. घरोघरी म्हटले जाणारे ‘आदित्यहृदय’ स्तोत्र या आवृत्तीत असेच परिशिष्टात आहे. श्रद्धाळू वाचकाला हे खटकते, पण संपादकांनी ते गाळलेले नाही. कोणत्या पोथीत काय आहे हे पुढे मांडून निर्णय तपासण्याची वाट त्यांनी खुली ठेवली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते या आवृत्तीचे खरे मोल तिथेच आहे.

विज्ञान आणि उद्योग यांची सांगड त्रिभुवनदास गज्जर यांच्यापासून सुरू होते. बडोदे कॉलेजात रसायन शिकवणाऱ्या गज्जरांच्या प्रयत्नांतून १८९० साली कलाभवन उभे राहिले. रंगकाम, यंत्रकाम असे विषय तिथे शिकवले जात. १९०७ साली निघालेल्या ॲलेम्बिक या औषधे-रसायनांच्या कारखान्याच्या संस्थापकांत गज्जरांबरोबर कोटिभास्कर व अमीन होते.

विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांच्या काळात अनेक नव्या शाखा उघडल्या. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५१ साली समाजशास्त्र विभाग उभा केला. त्याच विभागातील आय. पी. देसाई यांनी महुवा या लहान शहरातील कुटुंबांचा अभ्यास करून दाखवले की चुली वेगळ्या झाल्या तरी मालमत्ता, देणेघेणे आणि कर्तव्ये यांतून एकत्र कुटुंब टिकून राहते. नोकरीपायी पांगलेल्या मराठी घरांनाही हे सहज पटेल. पुरातत्त्व विभागाच्या रमणलाल मेहतांनी १९६० ते १९६३ या काळात गुजरातमधील देवनीमोरी इथला बौद्ध स्तूप खणला. मेश्वो धरणाच्या पाण्याखाली जाणारी ती जागा होती, त्यामुळे काम वेळेत होणे भाग होते. तिथे सापडलेला कोरीव लेखाचा अस्थिकरंडक विद्यापीठात जपला आहे. २००९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेले वेंकटरमण रामकृष्णन १९७१ साली इथून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडले. त्यांचे रायबोसोमवरचे (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवरचे) काम मात्र परदेशातले आहे.

जनसामान्यांच्या घरापर्यंत पोहोचलेले काम प्रमिला फाटक यांचे. बालविकास विभागात त्यांनी बाळांची वाढ मोजणारी परदेशी बेली चाचणी जशीच्या तशी न वापरता बडोद्यातल्या बाळांवर पडताळून भारतीय प्रमाणे ठरवली. त्यातून घडलेल्या मापनपट्टीत जन्मापासून ३० महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी शारीरिक हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ कसोट्या आहेत. दवाखान्यात एवढे सारे तपासायला वेळ कुठला? म्हणून पुढे तिचे छोटे रूपही तयार झाले. ‘बडोदे विकास चाचणी’ या नावाने ते ओळखले जाते. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने बडोद्याच्या याच प्रमाणांतून १७ कसोट्या निवडून आपला तक्ता बनवला : बाळ मान धरते का, घंटेच्या आवाजाकडे वळते का, बारीक गोळी चिमटीत उचलते का, दोन शब्द बोलते का, बाहुलीचे अवयव दाखवते का. प्रत्येक कसोटीपुढे वयाची पट्टी आखलेली असते. बाळाच्या वयाची उभी रेघ ओढली की तिच्या डावीकडे राहिलेली प्रत्येक कसोटी बाळाला जमायला हवी; एखादी जमत नसेल तर ते मूल पुढच्या तपासणीसाठी पाठवले जाते.