दोन व्हर्जिनिया सिटी, राजधानी एकच

अमेरिकेच्या पश्चिम भागात व्हर्जिनिया सिटी नावाची दोन गावं आहेत, एक नेवाडात आणि एक मोंटानात. दोन्ही खाणींवर उभी राहिली, दोन्हींचं वय जवळपास सारखं, म्हणून घोळ होतो. 'टेरिटरीची राजधानी असलेली व्हर्जिनिया सिटी' म्हटल्यावर गाजलेलं नेवाडातलं गाव आधी आठवतं. राजधानीचा मान मात्र मोंटानातल्या गावाचा.

टेरिटरी म्हणजे साधारण आपला केंद्रशासित प्रदेश; १९८७ पर्यंत गोवा होता तसा. गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमलेला, विधिमंडळ स्थानिक, आणि अमेरिकी संसदेत जाणाऱ्या एकुलत्या एक प्रतिनिधीला मतदानाचा हक्कच नाही. (गोव्याच्या खासदारांना तो होता, एवढा फरक.)

नेवाडात १८५९ मध्ये लोक सोनं शोधत होते आणि निळसर-काळ्या चिखलाने वैतागले होते. तो चिखल तपासला, तर निघाली चांदी! हीच कॉमस्टॉकची खाण. चांदी खोल खडकात, त्यामुळे यंत्रं, भांडवल आणि पगारी मजूर लागले. भुसभुशीत खडक कोसळू नये म्हणून फिलिप डायडसहायमरने १८६० मध्ये जाड लाकडांचे चौकोनी सांगाडे एकावर एक रचत नेण्याची युक्ती काढली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. गाव शहर झालं, लेखक मार्क ट्वेनने १८६३ मध्ये इथल्याच वर्तमानपत्रात आपलं हे टोपणनाव पहिल्यांदा वापरलं. पण टेरिटरीची राजधानी होती डोंगराखालची कार्सन सिटी. ट्वेनचा थोरला भाऊ ओरायन तिथे टेरिटरीचा सेक्रेटरी होता. १८६४ मध्ये नेवाडा राज्य झालं, तरी राजधानी तिथेच राहिली.

मोंटानातलं सोनं वेगळं. मे १८६३ मध्ये आल्डर गल्चच्या ओढ्यात ते वाळूत मिसळलेलं सापडलं. परात पाण्यात गोल फिरवायची, हलकी रेती वाहून जाते, जड कण तळाशी उरतात. त्याला ना मोठं भांडवल लागतं ना कंपनी, म्हणून माणसं झुंडीने आली. गावाचं नाव यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बाजूची मंडळी त्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याच्या बायकोवरून 'वरीना' ठेवणार होती. कनेक्टिकटच्या न्यायाधीशाने ते मानलं नाही, कागदावर 'व्हर्जिनिया' लिहून टाकलं, असं सांगतात. उत्तर-दक्षिणेचं भांडण असं दूरच्या घळीतही पोचलं होतं.

१८६४ मध्ये मोंटाना टेरिटरी झाली. पहिलं विधिमंडळ बॅनॅकला भरलं, आणि १८६५ मध्ये राजधानी व्हर्जिनिया सिटीला आली. पण वरवरचं सोनं लवकर सरतं. हेलेनाजवळ नवं सोनं मिळालं आणि गर्दी तिकडे सरकली. मग राजधानीही मागोमाग निघाली, पण सुखासुखी नाही. १८७४ च्या मतदानात एका काउंटीचे (म्हणजे जिल्ह्याचे) आकडे उलटे नोंदवले गेले, प्रकरण कोर्टात गेलं, आणि १८७५ मध्ये हेलेनाचं नाव पक्कं झालं.

माझ्या मते राजधानी गेली हे गावाच्या पथ्यावरच पडलं. जुन्या लाकडी दुकानांच्या जागी नवं बांधायला कोणाकडे पैसाच नव्हता, म्हणून ती टिकली. पुढे १९९७ मध्ये मोंटाना राज्याने त्यातली बरीचशी विकत घेतली. गावात आज दोनेकशे माणसं राहतात. तरीही मॅडिसन काउंटीचं मुख्यालय तेच, आणि नेवाडातली व्हर्जिनिया सिटी स्टोरी काउंटीचं. नावाचा घोळ सरकारी पत्त्यातही कायम आहे.